साडेअकरा पौंड आणि बडोद्यातली खोली

(पौड, ता. मुळशी येथे तरुणांच्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे. पुनरुक्ती तेवढी काढली.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय छापलाय: ‘दलित युवक, नवसंशोधन आणि फेलोशिप’. तो वाचून मागच्या रांगेतली दोन पोरं चहाला गेली. त्यांचं चुकलं नाही. फेलोशिप, इनोव्हेशन, मेंटॉर, स्टार्टअप हे शब्द या तालुक्यात आपण गेटच्या बाहेर उभं राहून ऐकलेत. आपल्याला वाटतं ते त्यांचे शब्द. मी आज एवढंच सांगायला आलोय की हे शब्द आपले आहेत, आपल्या बापाने ते पोटाला चिमटा घेऊन कमावलेत, आणि आता ते दुसऱ्याच्या तिजोरीत पडलेत.

आधी जागा बघा. आपण मुळशीत बसलोय. १९२१ ते १९२४ इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. जमिनी ज्या सावकारांकडे गहाण होत्या, ज्यांच्या नावावर लागल्या होत्या, त्यांनी पुण्यात बसून मोबदल्याचं गणित केलं. कसणारा उठला. ज्याचं नाव कागदावर नाही, त्याचं बुडालेलंही कागदावर येत नाही. पाणी घाट उतरून भिऱ्याला गेलं, १९२७ मध्ये तिथं वीजघर सुरू झालं, वीज मुंबईला गेली. पुढे याच तालुक्यात हिंजवडी-माणला आयटी पार्क आला. लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठं आली. मोसे खोऱ्यात लवासा आलं. आपली माणसं तिथं सगळीकडे आहेत. गेटवर आहेत, कँटीनमध्ये आहेत, संडास धुवायला आहेत, टाकी उपसायला आहेत. फक्त ज्या खोलीत ‘कोणाच्या डोक्यात अक्कल आहे’ हे ठरतं, त्या खोलीत नाहीत.

त्या खोलीत आमच्या वस्तीतला एक पोरगा जाऊन आला. नाव सांगत नाही. तो इथंच बसलाय, उगाच माना वळवू नका.

त्याचा चुलता सेप्टिक टँक उपसायच्या गाडीवर होता. एका सोसायटीच्या टाकीत उतरला तो वर आलाच नाही. पोरगा तेव्हा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करत होता. त्याने चुलत्याच्या तेराव्याला रडण्याऐवजी एक प्रश्न विचारला. काकाला वास आला नाही का? सडक्या अंड्याचा वास येतो ना त्या गॅसला? मग त्याने वाचून काढलं. हायड्रोजन सल्फाईड थोडा असतो तेव्हा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर करतो. माणसाला वाटतं वास गेला म्हणजे गॅस गेला. तो उतरतो. आणि मरतो.

पोराने तापकीर गल्लीतून स्वस्तातला सेन्सर आणला, एक जुनी बॅटरी, एक भोंगा, स्टीलच्या डब्याला भोकं पाडली आणि दोरीला बांधून टाकीत सोडायचं यंत्र केलं. गॅस असला की भोंगा वाजतो. वाजायचा कधी कधी, कधी वाजायचा नाही. सेन्सर स्वस्त मिळतो, पण त्याला खरं-खोटं शिकवायला ठराविक प्रमाणात गॅस भरलेली बाटली लागते, प्रयोगशाळा लागते, शिकवणारा माणूस लागतो. ते त्याच्याकडे नव्हतं. म्हणून तो फेलोशिपला गेला. काचेची इमारत. एसी. तीन माणसं टेबलामागे. पहिला प्रश्न इंग्रजीत. दुसरा प्रश्न, कॉलेज कुठलं. तिसरा प्रश्न, टीममध्ये आणखी कोण. चौथा प्रश्न नव्हताच. एक बाई म्हणाल्या, तुझी गोष्ट फार प्रेरणादायी आहे. डब्याला कुणी हात लावला नाही.

महिन्याने पत्र आलं. यंदा या गटात योग्य उमेदवार आढळला नाही.

हे वाक्य नीट ऐका. योग्य उमेदवार आढळला नाही. आपल्या राखीव जागांच्या फायलींवर हा शेरा आपण शेकडो वेळा पाहिलाय. नॉट फाउंड सुटेबल. हे वाक्य भारतातल्या कारकुनाने शोधून काढलं असं समजू नका. त्याचा जुना पत्ता मी तुम्हाला सांगतो.

अमेरिकेत काळ्यांच्या शिक्षणासाठी स्लेटर फंड नावाचा एक निधी होता. त्याचे अध्यक्ष रदरफर्ड हेज, देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष. १८९० मध्ये हे गृहस्थ म्हणाल्याचं छापून आलं की परदेशी शिकायला पाठवावा असा लायक काळा तरुण मिळाला तर आम्ही पैसे देऊ, पण तसा मिळत नाही. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या एका काळ्या पोराने ते वाचलं आणि अर्ज ठोकला. उत्तर आलं, ती योजना आता नाही. पोराने पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी सरळ खडसावून. तुम्ही आमची जाहीर बेअब्रू करता, आणि माणूस समोर उभा राहिला की योजना गुंडाळता. १८९२ मध्ये फंडाला त्याला पैसे द्यावे लागले. साडेसातशे डॉलर, त्यातले निम्मे देणगी, निम्मे कर्ज. तो बर्लिनला गेला. १८९४ मध्ये फंडाने मुदत वाढवून दिली नाही. बर्लिनची डॉक्टरेट हातातून गेली. तो परत आला आणि १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारा पहिला काळा माणूस झाला. त्याचं नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागायला. आपण १९७२ ला मुंबईत पँथर हे नाव ओकलंडच्या काळ्या पोरांकडून घेतलं असं म्हणतो. नातं त्याच्याही आधीचं आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीच अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना.

आता आपल्याकडे या. भीमराव मॅट्रिक झाले ते १९०७ मध्ये. सत्कार झाला. त्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. मास्तर माणूस. बागेत एकट्याने वाचत बसणारा हा पोरगा त्यांनी आधीच हेरला होता. त्यांनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. आणि तिथंच थांबले नाहीत. इंटरनंतर पैसे संपले तेव्हा हेच केळुसकर त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महिना पंचवीस रुपये सुरू झाले. साथींनो, मेंटॉर मेंटॉर म्हणतात तो हा. नुसती पाठ थोपटून घरी जात नाही. हाताला धरून दारापर्यंत नेतो, आणि दार उघडेपर्यंत तिथंच उभा राहतो.

१९१३ मध्ये बडोद्याची मोठी शिष्यवृत्ती मिळाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि करार असा की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठ. तिथे सेलिग्मन नावाचे प्राध्यापक भेटले. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला निघाले तेव्हा या सेलिग्मननी सिडनी वेब यांच्या नावाने ओळखपत्र दिलं. १९२५ मध्ये बाबासाहेबांचं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक आलं, तर प्रस्तावना सेलिग्मनची. म्हणजे वर्ग सोडून नऊ वर्षं झाली तरी मास्तर पाठीशी. आणि पुस्तक अर्पण कोणाला? सयाजीरावांना. बाबासाहेब उपकार विसरले नाहीत. पण उपकाराखाली वाकलेही नाहीत. हे दोन्ही एकाच माणसाला जमतं, हे आपण शिकायचंय.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परत यावं लागलं. ड्यू बॉइसचं बर्लिन तसं बाबासाहेबांचं लंडन. आणि कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण आजच्या विषयाचा गाभा तो आहे. ज्या संस्थानाने त्यांच्यावर हजारो रुपये खर्च केले, त्या संस्थानाच्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले. संध्याकाळपर्यंत निघ म्हणाले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनी कारणं सांगितली. कोलंबियात शिकून आलेला माणूस बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाला. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत होते ते वेगळंच.

मग आली फेलोशिप कोणाच्या कामाला? राजाने पैसे दिले, पण गाव बदललं नाही. बी दिलं, वाफा दिला नाही.

मुंबईला येऊन बाबासाहेबांनी काय केलं, माहितीय? धंदा काढला. शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा. आजच्या भाषेत स्टार्टअप. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा सल्लागार त्या वेळी मुंबईत किती जण होते? गिऱ्हाईकं आली. सल्लागार महार आहे कळल्यावर गिऱ्हाईकं गेली. धंदा बसला. बाजार जात बघत नाही म्हणणाऱ्या भल्या लोकांना हा हिशोब एकदा दाखवा. नंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी उसने दिले, आणि १९२० मध्ये ते लंडनचा अर्धा अभ्यास पुरा करायला पुन्हा गेले.

आणि हा माणूस सत्तेच्या जवळ गेल्यावर पहिल्या वर्षात काय मागतो बघा. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सभासद झाले. ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात मागणी होती, विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी देशात वर्षाला दोन लाख रुपये, आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख. त्यांचं म्हणणं होतं की नुसत्या बी.ए., एलएल.बी.ने आपलं भागणार नाही, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाचा खर्च आपल्या आईबापांना झेपणारा नाही, म्हणून तो सरकारने उचलावा. १९४२! भारत छोडोचं वर्ष. देश वेगळ्याच प्रश्नावर पेटला होता आणि हा माणूस आमच्या पोराच्या प्रयोगशाळेचा खर्च मागत होता. म्हणून मी म्हणालो, हे शब्द आपले आहेत.

आता आजचा हिशोब.

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२० ला बाबासाहेबांच्या नावानं एक योजना जाहीर केली. आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन. अनुसूचित जातीच्या एक हजार तरुणांच्या कल्पनांना चार वर्षांत बळ द्यायचं. निवड झाली तर तीन वर्षांत तीस लाखांपर्यंत भांडवल. कर्ज नव्हे, भागीदारीतला पैसा. कागदावर चांगली गोष्ट आहे, मी तिला शिव्या देणार नाही. पण निवड कुठून होणार? मुख्यत्वे तांत्रिक संस्थांमधल्या इन्क्युबेटरांमार्फत. म्हणजे गेट तेच. टेबल तेच. टेबलामागची माणसं तीच. आपला पोरगा ज्या खोलीतून ‘प्रेरणादायी’ ठरून बाहेर आला, त्याच खोलीतून तीस लाखांची वाट जाते.

तीस लाख हा आकडा लक्षात ठेवा. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की गटारात उतरून माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना तीस लाख रुपये द्यावेत. त्याआधी दहा लाख होते. म्हणजे या देशात आज आमच्या पोराच्या डोक्याची किंमत तीस लाख आणि आमच्या माणसाच्या मढ्याची किंमत तीस लाख. फरक एवढाच की मढ्याला इंग्रजीत मुलाखत द्यावी लागत नाही. ते पैसेही सुखासुखी मिळत नाहीत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ते वेगळं. मला विचाराल तर ज्या समाजाला आपला पोरगा टाकीत उतरण्याआधी तीस लाख दिसत नाहीत, मेल्यावर दिसतात, त्या समाजाचं डोकं तपासायला पाहिजे.

आणि मंजूर झालेली फेलोशिप? तिचंही सांगतो. रोहित वेमुला. हैदराबाद विद्यापीठ. १७ जानेवारी २०१६. शेवटच्या चिठ्ठीत या पोराने हिशोब लिहून ठेवला होता. सात महिन्यांची फेलोशिप येणं आहे, एक लाख पंच्याहत्तर हजार, ती घरच्यांना द्या, त्यातून मित्राची उसनवारी फेडा. विज्ञानावर लिहायचं स्वप्न बघणारा पोरगा मरतानाही उधारी मांडत होता. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी आपले संशोधक विद्यार्थी मुंबईत आझाद मैदानावर बसले होते. ग्रंथालयात बसायचे दिवस मैदानात गेले. फेलोशिप अडवणं ही साधी कारकुनी दिरंगाई नाही. तो हातातला पाना काढून घेण्याचा प्रकार आहे.

काही साथी म्हणतील, हे सगळं भांडवलशाहीचं खूळ आहे. आपल्याला दलित टाटा नकोय. मलाही नकोय. शंभर दलित कोट्यधीश झाले म्हणून गटारात उतरणारा वर येत नाही. पण एक विचारतो. सेन्सर बनवणं भांडवलशाही आहे का? मातीची परीक्षा करणं, औषध शोधणं, यंत्राची चूक ओळखणं, हे काय बिर्ला-टाटांच्या बापजाद्यांचं वतन आहे? आपल्या लोकांनी कातडं कमावलं. बाभळीची साल, हिरडा, चुना यांचं प्रमाण हाताने ठरवलं. ते रसायनशास्त्र होतं. त्याला शास्त्र म्हटलं नाही, विटाळ म्हटलं. कारण ते करणारे हात आपले होते. कंपनी आपली असो, सहकारी संस्था असो, नगरपालिकेचं खातं असो. मालकी कशी असावी यावर आपण रात्रभर भांडू. पण ज्ञानावरचा हक्क सोडून द्यायचा आणि त्याला क्रांती म्हणायचं, हे मला मंजूर नाही.

मराठी मध्यमवर्गाची एक गंमत सांगतो. १९८१ मध्ये वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आलं. चांगलं पुस्तक. घराघरात वाचलं गेलं. गुलामीत जन्मलेला जॉर्ज कार्व्हर, चित्रकला शिकवणाऱ्या एटा बड बाईंनी त्याची झाडांची ओढ ओळखली, आयोवाच्या शेतकी कॉलेजात पाठवलं, तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. पुढे १८९६ ला टस्कीगीला गेला, आणि गरीब काळ्या शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान न्यायला १९०६ मध्ये घोडागाडीवर फिरती शाळा काढली. हे वाचून सदाशिव पेठेपासून दादरपर्यंत डोळे पुसले गेले. पुस्तक मिटलं. आणि खोली भाड्याने मागायला आलेल्या पोराला विचारलं, आडनाव काय? अमेरिकेतला कार्व्हर चालतो. मुळशीतला चालत नाही. मिसुरीपासून मुळशीपर्यंत अंतर भरपूर आहे ना, तेवढ्या अंतरावरून माणुसकी स्वस्त पडते.

आता अमेरिकेतही सगळं गोड आहे असं नाही. तिथल्या नव्या कंपन्यांत गुंतवल्या जाणाऱ्या शंभर डॉलरमागे काळ्यांच्या कंपन्यांना जेमतेम एखादा डॉलर जातो. म्हणून अटलांटात काही काळ्या बायांनी फिअरलेस फंड नावाचा निधी उभा केला. काळ्या स्त्री-उद्योजकांना वीस हजार डॉलरचं अनुदान आणि मार्गदर्शन. २०२३ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. आरोप काय, तर हा वर्णभेद आहे, गोऱ्यांना वगळलंय. कायदा कुठला वापरला? १८६६ चा. गुलामीतून सुटलेल्या काळ्यांना करार करायचा हक्क मिळावा म्हणून केलेला कायदा! जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अनुदान रोखलं, आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती योजना कायमची बंद झाली. गुलामाच्या ढालीची तलवार करून गुलामाच्याच नातींवर चालवली.

आपल्याकडे घटनेत कलम १५(४) आहे. मागास वर्गांसाठी खास तरतूद करता येते. हे कलमही सहज आलेलं नाही. मद्रासच्या खटल्यात राखीव जागा रद्द झाल्या, तेव्हा १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून ते घालावं लागलं. म्हणजे अटलांटाच्या त्या बायांकडे जे हत्यार नाही ते आपल्याकडे आहे. आपण ते गंजवतोय. आंबेडकर जयंतीला डीजेची वर्गणी किती झाली ते आपल्याला तोंडपाठ. आपल्या तालुक्यातल्या संस्थांत अनुसूचित जातीच्या किती पोरांना फेलोशिप मिळाली, हा माहिती अधिकाराचा अर्ज कुणी टाकलाय? हात वर करा. बघा. एकही नाही. मीसुद्धा नाही.

आता त्या पोराचं पुढे काय झालं ते सांगतो आणि संपवतो.

नकाराचं पत्र घेऊन तो आमच्या मामाकडे गेला. मामा तीस वर्षं ड्रेनेज खात्यात होता, रिटायर झालाय. पोराने डबा दाखवला. भोंगा वाजवून दाखवला. मामा बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “आरं भाच्या, ह्यो भोंगा वाजला न्हाई की मुकादम म्हननार, उतर आता, मशीन हाय म्हनलीया. मानसाला खाली उतरवायचं सोपं करतूस व्हय?”

पोरगा गप्प. आम्हीही गप्प. एसीतल्या तीन माणसांना हा प्रश्न सुचला नव्हता. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, हे त्यांना पाठ असेल. पण भोंगा न वाजण्याचा अर्थ मुकादम काय लावेल हे मामालाच माहीत. फेलोशिपच्या टेबलामागे मामा असता तर त्या पोराला नकार मिळाला नसता, शिव्या मिळाल्या असत्या आणि पुन्हा ये म्हणून बोलावलं असतं.

आता पोरगा डब्याऐवजी पंजा बनवतोय. वरून उभं राहून गाळ काढायचा. काम अर्धंही झालेलं नाही. केरळात इंजिनिअरिंगच्या पोरांनी असा यंत्रमानव केला, बँडीकूट, २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला तो मॅनहोलमध्ये सोडला. त्यांच्या मागे केरळचं स्टार्टअप मिशन होतं आणि पाणीपुरवठ्याचं सरकारी खातं होतं. पैसा होता, आणि वस्तू वापरून बघणारं गिऱ्हाईकही होतं. आपल्या पोरामागे सध्या एक मामा आहे आणि एक वेल्डिंगवाला आहे, तोही उधारीवर.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. एक, तालुक्यातल्या ज्या संस्थांनी सरकारी जमीन, सवलत, अनुदान काही घेतलं असेल, त्यांच्या इन्क्युबेटरमध्ये आपले किती, हा अर्ज उद्या टाकायचा. तीन जणांनी सह्या करा, चौथा मी. दोन, निवड समितीत काम करणारा माणूस पाहिजे. सफाई कामगार, शेतमजूर बाई, वीटभट्टीवरची बाई. मुलाखत मराठीत. हे मागायचं, नाही दिलं तर दारात बसायचं. तीन, आपला स्वतःचा फंड. हसू नका. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये निघाली आणि १९२५ मध्ये तिनं सोलापुरात वसतिगृह चालवायला घेतलं. त्यांच्याकडे काय होतं? आज या हॉलमध्ये साठ जण आहेत. महिना शंभर रुपये धरा. सहा हजार. त्यात वेल्डिंगवाल्याची उधारी फिटते आणि गॅसची बाटली येते. आणि पोर बाहेरगावी शिकायला गेलं तर त्या गावात ज्याचं घर आहे त्याने खोली द्यायची. बाबासाहेबांना बडोद्यात साडेअकरा पौंडांची कमतरता नव्हती. एका खोलीची होती. ती खोली आपण द्यायची.

चहाला गेलेले दोघं परत आलेत, दिसतंय मला. बरं झालं. वही दारातच ठेवलीय. पहिलं नाव मामाने लिहिलंय, पेन्शनमधून. त्याच्याखाली बरीच जागा आहे.

जय भीम.